पहिला नंबर

भोकरदनच्या स्टँडवर कडूबा जालन्याच्या गाडीला थांबला होता. शेजारी झुंबरबाईनं कॉम्प्युटरवाल्या भुजंगला गाठलं होतं.

"तू नवं सॉफ्टवेअर टाकलं अन् पोराचा गेम उघडंना झाला."

"काकू, समोर दिसतं ते फोल्डर नुसती वाट हाय, शॉर्टकट. गेम दुसऱ्या फोल्डरात हाय. वाट तुटली, जोडून देतो."

"मी फ्लॉपीत घेतल्ता की जपून."

"तुम्ही वाटच घेतली. गेम मावत न्हाई त्यात."

"मंग आजच जोड. उद्या पोरगा येतो पुण्याहून."

"आल्यावर जोडू की. घाई काय?"

"गेमच्या मार्कांच्या यादीत त्याचा पहिला नंबर होता. मागल्या महिन्यात मी मोडला."

"तुम्ही? मंग चांगलंय की."

"काय चांगलं? तीन वर्षं राखला त्यानं. तो यायच्या आत माझं नाव काढ."

"काढतो."

गाडी लागली. कडूबा हलला न्हाई.

झुंबरबाई म्हणाली, "भुजंग, काढायच्या आधी माझे मार्क कागदावर लिहून दे."