शिंपीणमावशींची पक्की रेघ

मी, वय ५२ वर्षे, धंदा शिक्षिका, राहणार कुंपणालगतची वस्ती, वर्गामागची खोली. माझे नाव हवालदारांनी वहीत आधीच उतरवले आहे. वस्तीत मला मास्तरीणबाई म्हणतात, तेही लिहावे. मला कोणी बोलावलेले नाही, मी माझ्या पायाने आले आहे. समक्ष सांगते ते असे की,

आमच्या वस्तीत कपडे शिवणाऱ्या शिंपीणमावशी, वय ६१, या परवा मंगळवारी सकाळी साडेदहापासून याच ठाण्याच्या मागच्या खोलीत बसून आहेत. त्या चोरून सीमा ओलांडतात असा त्यांच्यावर आरोप आहे. तो धादांत खोटा आहे. त्यांना सोडावे, एवढ्यासाठी मी हा जबाब देत आहे.

मी अकरा वर्षे एका संस्थेत नोकरीस आहे. संस्था सीमेलगतच्या वस्त्यांत मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवते, आणि तिथले लोक कसे राहतात, त्यांच्या अडचणी काय, याची पाहणी करून अहवाल लिहिते. दोन्ही कामे एकाच खोलीत चालतात. तिथे फळा, चार बाकं, बंद पडलेला पंखा आणि एक कुलूपबंद कपाट आहे. पाहणीचे फॉर्म कपाटात राहतात. फॉर्मवर नाव लिहायचे नाही, फक्त घराचा नंबर टाकायचा, हा नियम आम्ही डोळ्यांत तेल घालून पाळतो.

गेल्या महिन्यात पाहणीसाठी नात्यांचा नकाशा केला. भिंतीएवढा कागद जमिनीवर पसरला. प्रत्येकीने आपले घर काढायचे, मधे कुंपण, आणि पलीकडे आपले माणूस जिथे असेल तिथवर रेघ ओढायची. नुसते फोनवर बोलणे होत असेल तर तुटक रेघ. वर्षभरात प्रत्यक्ष भेट झाली असेल तर सलग रेघ. हे मी कागदाच्या तळाशी लिहून ठेवले होते. मग बायका म्हणाल्या, आता लिहिता येतंय तर घराखाली नाव पण लिहू. मी लिहू दिले. वाळल्यावर नकाशा भिंतीवर लावला. फॉर्म कुलपात आणि नावे भिंतीवर, हे माझ्या टाळक्यात शिरले नाही. हा माझा मूर्खपणा आहे. हवालदार इथे 'नजरचूक' लिहीत होते. मूर्खपणाच लिहावे.

शिंपीणमावशींची धाकटी बहीण पलीकडे असते. कुंपण घातल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षे, दोघींची भेट नाही. दर रविवारी फोन होतो. मावशींनी रेघ तुटकच काढली होती. मी स्वतः पाहिली. नंतर त्या जरा मागे सरकून बघत बसल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर कच्ची शिलाई झाली! उद्या उसवायची." परत वाकल्या आणि सगळ्या फटी पेनाने भरून टाकल्या. मी म्हटले, "मावशी, अहो, तुटकच हवी होती." त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षांत कच्चं काम दिलं नाही कुणाला. माझ्या बहिणीलाच देऊ होय?" वर्ग हसला, मीही हसले. रेघ तशीच राहिली.

सोमवारी दुपारी तीन वाजता आमचे संचालक सर या ठाण्याच्या साहेबांना वर्ग दाखवायला घेऊन आले. सर कौतुकाने नकाशा समजावून सांगत होते. साहेबांनी मावशींच्या रेघेवर बोट ठेवून विचारले, "सलग म्हणजे भेट, असंच ना?" सर म्हणाले, "अगदी बरोबर." मी तिथेच उभी होते. शिलाईची गंमत सांगावी असे मनात आले, पण मोठ्यांच्या बोलण्यात कशाला, म्हणून गप्प बसले. त्याची टोचणी मला आहे.

मंगळवारी सकाळी भिंत मोकळी दिसली, आणि थोड्या वेळाने मावशींना ठाण्यात नेल्याचे कळले. सरांना फोन केला. ते म्हणाले, "बाई, सहकार्य करावं लागतं. नाहीतर वर्गाची परवानगी जाईल." मी म्हटले, "सर, इथे माणूस गेलं उचलून, परवानगी घेऊन काय चाटायचीय?" त्यांनी फोन ठेवला. अकरा वर्षे हा माणूस मला लोकांचा विश्वास कसा जपायचा ते शिकवत होता!

मावशींचे गुडघे गेलेले आहेत. वर्गाच्या तीन पायऱ्या चढताना त्या दोनदा थांबतात. कुंपण माझ्या डोक्याच्या वर हातभर आहे. ते त्या कशा चढल्या, हे साहेबांनी मला एकदा चढून दाखवावे. हे वाक्य वगळा, असे हवालदार म्हणाले. मी वगळू दिलेले नाही.

आज सकाळी अकरा वाजता साहेबांनी मला टेबलावरचा एक कागद दाखवला. "बघा, त्यांनी स्वतःच कबूल केलंय," म्हणाले. कागदावर मावशींच्या नावाने लिहिले होते की, 'मी या वर्षात तीनदा पलीकडे जाऊन बहिणीला भेटले, आणि हे मला वाचून दाखवले, ते बरोबर आहे.' खाली अंगठा होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशींना वाचता येते. सावकाश, बोट ठेवून, पण येते. सहीही येते. पाच महिने लागले त्यांना. ज्या दिवशी जमली त्या दिवशी त्यांनी वर्गातल्या प्रत्येकीला उठवून ती दाखवली. आता जन्मात अंगठा लावणार नाही, असे म्हणाल्या होत्या. त्या बाईने आपण होऊन अंगठा लावला, हे मी मरेपर्यंत मानणार नाही.

नकाशा त्याच टेबलावर, त्या कागदाच्या शेजारी पडला आहे. त्यात मावशींच्या घराखाली त्यांचे नाव त्यांच्याच हाताने लिहिलेले आहे. पुरावा म्हणून नकाशा घेतलाच आहे, तर रेघेसोबत तेही वाचावे.

हवालदार हा जबाब वाचून दाखवू लागले. मी तो हातात मागून घेतला आणि स्वतः वाचला. दोन ठिकाणी 'रेघ' ऐवजी 'वाट' लिहिले होते, ते खोडायला लावले. बाकी मी सांगितले तसेच आहे. सवयीने माझ्यापुढेही शाईची डबी सरकवली गेली. ती मी बाजूला ठेवली आहे आणि खाली सही करत आहे. आता हेच पेन आणि तो कबुलीचा कागद मागच्या खोलीत न्यावा. मावशींना तो वाचू द्यावा, आणि मग सही मागावी. मी इथेच बाकावर बसले आहे.