पाटलांच्या मोटारीतलं जादा ऑईल

आमी मूळचे जुन्नरचेच, कल्हईवाले. अब्बा भाता खांद्यावर घेऊन गावोगाव जायाचे, बायांची भांडी उजळून द्यायाचे. मला काय तो धूर सोसला न्हाई, म्हणून मामूनं पुण्याला मोटार गॅरेजात चिकटवलं, चार वर्षं तिथं हात काळे केले आन परत येऊन बाजारात पत्र्याखाली दुकान टाकलं. छप्पन-सत्तावन साल असंल. तालुक्यात मोटारी बोटावर मोजण्याइतक्या, पण विहिरींवर इंजिनं बसाय लागली व्हती, काम लई. रसूल मिस्त्रीनं हात लावला म्हंजे इंजिन बोलतं, असं लोक म्हणायचे. हे मलाच सांगावं लागतंय, आता दुसरं कोण सांगणार, काय सांगू तुम्हाला.

तर बोरी बुद्रुकच्या एका पाटलांनी जुनी विलायती मोटार घेतली, आन पोराचं लगीन शिनोलीला ठरलं. नवरदेव मोटारीतनं न्यायचा, मिस्त्री, तूच चालवायची, म्हणून मला बोलावणं. मी पहाटे जाऊन समदं बघितलं. आता इंजिनात ऑईल किती हाय ते बघायला एक पट्टी असती, हातभर लांब, तिच्या टोकाला दोन खुणा. ऑईल त्या खुणांच्या मधी पायजे. कमी पडलं तर इंजिन घासतं, जादा झालं तर आत फेसाळतं आन वाट मिळंल तिकडनं भायेर येतं. मी मापात भरलं आन पट्टी पाटलांना दाखवली. हातभर पट्टीचं निस्तं टोक वलं. झालं, तिथंच माशी शिंकली. म्हणले, एवढंच? मी म्हणलं, पाटील, एवढंच लागतं. ते म्हणले, माझ्या लग्नघरातनं अर्धी वस्तू भायेर पडत न्हाई, दारात घागर काठोकाठ भरून ठेवलीय ती काय उगीच?

मग मला म्हणले, जा, न्याहारी कर. गोठ्याकडच्या पडवीत माझं ताट येगळं वाढलं व्हतं, ते असू द्या. हात धुऊन येतो तर नवरदेव, शंकर त्याचं नाव, मुंडावळ्या बांधून मोटारीम्होरं उभा आन त्याच्या हातात नरसाळं. शुभ काम हाय, नवऱ्याचा हात लागू दे, म्हणून पाटलांनी त्याला धरायला लावलं आन सोता डबा वतत व्हते. अख्खा डबा रिता केला. पट्टी निम्मी वली झाली तवा कुठं त्यांचं समाधान झालं.

मी म्हणलं, पाटील, खालचा बोल्ट सोडतो, जादाचं काढू द्या, न्हाईतर मोटार पोचायची न्हाई. तर समद्या वऱ्हाडाम्होरं आरडले, लग्नाच्या दारात रितं करायची भाषा करतो, अपशकुन करतो का रे? शंकरनं माझ्याकडं बघितलं आन मान खाली घातली. आन मी गप बसलो. ती माझी चूक, मी कबूल करतो, पण तेवढीच.

घोडेगावपतूर कशीबशी आली, मागं निळा धूर एवढा की रस्त्यानं चालणारी माणसं नाक धरून उभी. शिनोलीच्या अलीकडं चढ लागला. इंजिनाचा जोर चाकांना देणाऱ्या क्लचात ऑईल उतरलं व्हतं, इंजिन वरडतंय आन चाकं फिरंनात, मोटार उलटी मागं सरकाय लागली. मी ब्रेक दाबून धरला, शंकरला म्हणलं, उतर, चाकाखाली धोंडा लाव. बाप-लेक तिथनं पायी गेले, मागनं मी बी गेलो, मुहूर्त टळला, आन भर मांडवात पाटील म्हणले, जुन्नरच्या मिस्त्र्यानं मोटार नासली, त्याच्या मनात काळंबेरं व्हतं. मी म्हणलं, शंकरला विचारा. शंकर बाशिंग बांधून उभा व्हता, बोलला न्हाई.

त्यानंतर त्या अंगाचं एक इंजिन माझ्याकडं आलं न्हाई. अब्बांनी पण एकदा विचारलं, रसूल, खरं सांग बाबा, तुझ्या हातनं काय राह्यलं व्हतं का? माझ्या बापानं विचारलं. अब्बा गेले तरी तो राग माझा गेला न्हाई, पाटील गेले तरी गेला न्हाई.

आता दुकान माझा लेक बघतो, गाड्यांच्या एसीत गॅस भरतो. काट्यावर वजन करून, कंपनीनं लिवलाय तेवढाच, कारण जादा झाला तर गार व्हायचं सोडून गरमच हवा येती आन कंप्रेसर जातो. गेल्या उन्हाळ्यात एक गाडी आली, मागनं काठी टेकत शंकरराव उतरले. मी वळखलं, त्यांनी मला वळखलं न्हाई. लेकाला म्हणले, भाऊ, मापातच भर हां, आमी एकदा मोटारीत जादा ऑईल वतून लग्नाचा मुहूर्त घालवलाय. आन हसले.

माझ्या अंगाचा भडका उडाला. म्हंजे समदं ठावं व्हतं, इतकी वर्षं ठावं व्हतं. मी म्हणलं, शंकरराव, मी रसूल. हे हितं काय सांगता, बोरीच्या पारावर सांगा. त्यांचं हसू मावळलं. म्हणले, आता त्यातलं कोण राह्यलंय मिस्त्री, कुणाला सांगू. मी म्हणलं, मी राह्यलोय. ते गाडीत जाऊन बसले आन काच वर केली. लेक म्हणला, अब्बा, भरू का थांबू? मी म्हणलं, भर, त्याच्या गाडीवर कशाला राग, नीट भर.

गाडी गार होऊन गेली. अल्ला त्यांना सुखात ठेवो, मला काय त्यांचं वाईट व्हायला नकोय. पण तुमी लिहून घेताय तर तेवढं एक लिवा, की मी नको म्हणलं व्हतं.