विसरलेली रेघ

अहो, कॉम्प्युटरचं काय सांगता! डिचोलीकडच्या आमच्या पंचायतीत तो नवाच आला होता. पडद्यावर दोन चौकोन, एकात गावातले पुरुष, दुसऱ्यात बायका. माउसने दोन्हीकडच्या घर-नंबरांमध्ये रेघ ओढली की कोण कोणाच्या घरात राहतं ते दिसायचं. सरपंचबाईंना ऐटीत दाखवायला गेलो आणि रेघच ओढायला विसरलो! रेघ नसली की कॉम्प्युटर प्रत्येकाला सगळ्यांशीच जोडून टाकतो. पहिलंच नाव आमच्या शिपायाचं, अनंतदादाचं. एकटा जीव, लग्न राहूनच गेलेलं. त्याच्या घरात गावातल्या झाडून सगळ्या बायका!

"अरे मेल्या, मीसुद्धा ह्याच्याच घरात?" सरपंचबाई ओरडल्या.

"रेघ राहिली, बाई. आत्ता ओढतो."

अनंतदादाने माझा हात धरून मला थांबवलं. "वायच रव रे! इतक्या वर्सांनी माजा घर भरलां."