लॅपटॉपातल्या अक्षता

थांबा, थांबा! पेटी जरा थांबवा हो बंडोपंत. गजर नंतर.

आत्ता माझ्या कानावर काय आलं, सांगू? या पहिल्या रांगेतून! वत्सलाकाकू शेजारणीला म्हणाल्या — हळूच म्हणाल्या, पण कीर्तनकाराचे कान तीक्ष्ण — "जळला मेला हा फोन! बोट लावलं की विचार करत बसतो. आमच्या ह्यांच्यासारखा!"

हसू नका! 'हे' तिकडे खांबाला टेकून बसलेत. अजून विचारच करतायत, हसावं की रागवावं!

पण मंडळी, काकूंच्या कुरकुरीतच आजचा प्रश्न आहे. एखादी वस्तू हळू चालायला लागली, एखादं माणूस हळू झालं, की आपण लगेच म्हणतो, 'कामातून गेलं. बदला!' अहो, पण ते हळू का झालं? झिजलं म्हणून? की आपणच त्याच्यात काहीबाही कोंबलं म्हणून? आणि कोंबलंय हे सगळ्यांना ठाऊक असलं, तर ते बोलायचं कुणी?

ऐका मंडळी!

शेलगाव नावाचं एक गाव. तिथं मोसंबी संघाचं कार्यालय. बागाईतदारांची मोसंबी यायची, गाड्या भरायच्या, मुंबई-नागपूरला जायच्या. गाडी सुटायची तर चलन लागतं — कोणती गाडी, किती पेट्या, कुठं चालली, त्याचा छापील कागद. तो कागद काढायची कुमुद तौर. अकरा वर्षं एकाच खिडकीत! घर पाच मिनिटांवर. घरी सासू अंथरुणाला खिळलेली. दुपारच्या सुट्टीत कुमुद धावत जायची, म्हातारीला चार घास भरवायची, धावत परत यायची.

आणि हिचा लॅपटॉप! अहाहा! सकाळी बटण दाबावं, देवपूजा करावी, चहा घ्यावा — मग तो डोळे उघडणार! अक्षर दाबलं आत्ता, उमटणार मागाहून. बाहेर गाड्यांची रांग. ड्रायव्हर खिडकीत डोकं घालून ओरडायचे, "ओ बाई, काहून येळ लागायलाय? मोसंबीचा रस व्हईल गाडीतच!"

कुमुद काय बोलणार? पडद्यावर तो गोल फिरतोय... फिरतोय... तुमच्या फोनवर फिरतो ना काकू, तोच! आपण त्याच्याकडे बघत बसायचं. एवढ्या एकाग्रतेनं देवाकडे बघितलं असतं तर आजवर दर्शन झालं असतं!

उपाय झाले बरं का! शेजारच्या टेबलावर इंगोलेभाऊ — ऑफिसातले स्वयंघोषित वैद्य. "ताई, बंद करून चालू करा." केलं. "जुन्या फाइली काढा." आता फाइलींची नावं ऐका! 'यादी अंतिम'. 'यादी अंतिम नवीन'. 'यादी खरोखर अंतिम'. 'यादी हीच घ्या'! अशा चारशे काढल्या. यंत्र जागचं हलेना. शेवटी एकानं लिंबू-मिरची बांधली! फरक पडला का? पडला — मिरचीला मुंग्या लागल्या!

आता साहेबांकडे येऊ. व्यवस्थापक भास्करराव डोईफोडे. आडनाव डोईफोडे, पण आवाज चढवला नाही कधी. दसऱ्याला ऑफिसात यंत्रपूजा असते. वजनकाटा, छपाईयंत्र, सगळे लॅपटॉप टेबलावर ओळीनं मांडायचे. इतकी वर्षं ती पूजा करायच्या साहेबांची पत्नी, सुनंदावहिनी. वहिनी गेल्या, आणि साहेबांनी हळदकुंकवाची तीच डबी हातात घेतली. पूजा मोडली नाही. पण मंडळी, पुरुषाचा हात! वहिनी चार दाणे वाहायच्या, साहेब मूठ वाहायचे! झेंडूच्या पाकळ्या, हळद, ओल्या कुंकवाच्या अक्षता — आणि यंत्र चालू ठेवून! "जागं हवं," म्हणायचे, "झोपलेल्याची पूजा करतात का?" आत पंखा फिरतोय गरगर. पंख्याला काय कळतंय प्रसाद कुठला आणि धूळ कुठली? त्यानं सगळंच पदरात घेतलं!

इतरांचे लॅपटॉप खुळखुळायला लागले. मग बाकीच्यांनी काय केलं? दसरा आला की एकेक जण लॅपटॉप पिशवीत! "साहेब, घरी काम आहे हो." इंगोलेभाऊंनी तर आपला घरी नेऊन सुपासारखा पाखडला! कुमुदचा मात्र खिडकीत, छपाईयंत्राला वायरीनं बांधलेला. तो कुठं पळणार? ओळीत पहिला तोच. पहिली मूठ त्याला! आणि तो जसा रुसला, तसे साहेब म्हणाले, "हिच्या यंत्राला दोन मुठी जास्त वाहू." घ्या!

सांगितलं का नाही कुणी? अहो, कसं सांगणार? साहेब डबी उघडताना म्हणायचे, "आमच्या हिला झेंडूच लागतो." लागतो! लागायचा नव्हे — लागतो! आणि सगळं ऑफिस मान हलवायचं, "हो साहेब." तीन वर्षं. तीन दसरे. 'गेल्या' हा शब्द त्या ऑफिसात कुणी उच्चारला नाही.

इकडे तक्रारी वाढल्या. एक गाडी चार तास खोळंबली, बागाईतदार चिडले, वरून विचारणा आली. हळू कोण? कुमुद! साहेबांनी जड हातानं कागद तयार केला — बदली, वडगावच्या गोदामावर. दोन एसट्या बदलून जायचं. मग दुपारी म्हातारीच्या तोंडात घास कुणी घालायचा? कुमुदनं एवढंच विचारलं, "साहेब, एकदा यंत्र उघडून तर बघा." साहेब म्हणाले, "बघू. सही नंतर करतो."

शहरातून दुरुस्तीला आली फरहाना. बारीक अंगाची, हातात इवलासा स्क्रूड्रायव्हर. टेबलावर लॅपटॉप उलटा केला, सहा स्क्रू काढले, झाकण उचललं — आणि खळ्ळकन! तांदूळ! ओंजळभर! वर वाळक्या पाकळ्या, हळदीचा थर.

साहेब कागद हातात घेऊन उभे. "हे काय?"

सगळ्यांनी छताकडे बघितलं. छतावर काहीच नव्हतं हो, तरी बघितलं!

इंगोलेभाऊ पुढे. "डब्यातला भात असेल साहेब. ताई जागेवरच खातात."

कुमुद म्हणाली, "मी भाकरी आणते, भाऊ. आणि कच्चा भात कोण खातं?"

"मग उंदीर! उंदरानं आणले!"

"लाल तांदूळ?"

आता सांगा, उंदीर काय कुंकू लावून फिरतो?

फरहाना म्हणाली, "पंखा अडकलाय. आतली गरम हवा बाहेर पडत नाही. तापलं की हे मशीन आपोआप हळू होतं — जळून जाऊ नये म्हणून. खराब नाहीये हो, जीव वाचवतंय." मग हलक्या हातानं दाणे गोळा करायला लागली. "एखादा कागद द्या ना. अक्षता आहेत. पायाखाली यायला नकोत."

साहेबांचा चेहरा उतरला. "आमच्या पूजेच्या? पण... इतकी वर्षं पूजा होतेय. तेव्हा कधी असं झालं नाही!"

उत्तर सगळ्यांच्या जिभेवर. इंगोलेंच्या, शिपायाच्या, सगळ्यांच्या.

मंडळी, इथं मी क्षणभर थांबते. छताकडे बघू नका, माझ्याकडे बघा! तुमच्या घरात असं कोण आहे, ज्याला तुम्ही प्रेमानं 'हो, हो' म्हणता, आणि मागच्या दारानं आपापला लॅपटॉप पाखडून घेता? आणि त्या 'हो, हो'चा भार कोण वाहतंय? जो वायरीनं बांधलाय, तोच ना? त्यालाच आपण म्हणतो, हळू आहे, बदला!

कुमुद उठली. बदलीचा कागद समोर दिसतोय.

"साहेब, तेव्हा वहिनी होत्या."

मग त्या लाल दाण्यांकडे बोट दाखवून म्हणाली,

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ऑफिस उघडायच्या आत यायच्या. किल्ली माझ्याकडून घ्यायच्या. मऊ ब्रशनं एकेक यंत्र झाडायच्या, निर्माल्य पिशवीत भरून विहिरीकाठच्या तुळशीत टाकायच्या. तुम्हाला कधी सांगितलं नाही त्यांनी. वाहणं तुम्ही चालू ठेवलंत साहेब. काढणं राहिलं. आम्ही सगळे बघत होतो, गप्प बसलो. मीसुद्धा." मग पदर तोंडाशी नेला, पण बोलली. "वहिनी गेल्या, साहेब. तीन वर्षं झाली."

भास्करराव उभेच. मग हातातला बदलीचा कागद त्यांनी फरहानापुढे धरला. "यात बांधा."

पुडी झाली. ती त्यांनी खिशात ठेवली, आणि अगदी हळू म्हणाले,

"तिला झेंडू फार आवडायचा."

आवडायचा!

काकू, फोनचं नंतर बघू. आधी त्या खांबाशी जाऊन बसा — आणि विचारा त्यांना, इतका वेळ कसला विचार करताय म्हणून. हं, बंडोपंत, धरा सूर!