सोमवारची पाटी

दुपारपर्यंत माझं मौन असतं. त्यामुळे डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहताना शेजारच्या दोघांचं बोलणं आपसूक कानी पडलं. पाट्या रंगवणारे एक म्हातारे पेंटर होते आणि सोबत त्यांची वहिनी.

"भाऊजी, डोळे मिटा. थेंब घातलेत ना?"

"मिटलेत. वहिनी, मंडळाच्या पोरांनी कलामहोत्सवाची पाटी रंगवायला सांगितलीय. यंदापासून महोत्सव रविवारी."

"चाळीस वर्षं सोमवारी होतोय की."

"ती माझीच करणी. पहिल्या वर्षी ठरला होता रविवार, मी लिहिला सोमवार. पाटी लागली, लोकांनी वाचली, मग सगळ्यांनी तोच दिवस धरला. कामाच्या दिवशी खुर्च्या वाहणारे अजून माझा उद्धार करतात."

"रंग ओला होता तेव्हाच मी पाहिलं होतं. फडक्यानं पुसता आलं असतं."

"मग बोलला का नाहीत?"

"आपलं शिवणाचं दुकान सोमवारी बंद असायचं. रविवारी तुमच्या दादांनी मला गायला सोडलं असतं होय?"

"चाळीस वर्षं पोटात ठेवलंत?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

"आता तुम्हाला कुठलाही वार चालेल."

"मला चालेल हो. दुकान आता सून बघते. तिलाही सोमवारचीच सुट्टी. यंदा पहिल्यांदाच गाणार होती. महिनाभर शिवता शिवता गुणगुणतेय."



"पाटी आज संध्याकाळीच लावायचीय."

"मग?"

"मग सोमवारच लिहितो. कुणी विचारलं तर सांगा, डोळ्यांत थेंब घातले होते, दिसलं नाही."