तिसऱ्यांदा नको म्हणाला

...आणि वर नवरा मलाच म्हणतो, "तू उगाच घाबरलीस नोरीन, मी ग्रँड होतो." ग्रँड! काळजाला जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या तुंबलेल्या, ओठ निळे पडलेले, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, आणि हा ग्रँड! तुम्हाला सांगते, आमच्या आयर्लंडात हा शब्द ज्या कुणी आणला ना, तो मला एकदा भेटू दे. कुंपणाच्या खांबाला बांधीन आणि विचारीन, कसा आहेस बाबा? तर तो काय म्हणेल ते मी तुम्हाला आत्ताच सांगू शकते.

नाही, तसा शब्द चांगला आहे. डिक्शनरीत बघा. भव्य, दिमाखदार, राजेशाही. असेल बुवा, तिकडे इंग्लंडात राजवाड्याबिजवाड्याला म्हणत असतील. आमच्याकडे कुठला आलाय राजवाडा, आमच्याकडे सत्तेचाळीस गाई, एक कुत्रा आणि आडवा पाऊस. पण शब्द तोच, नुसतं 'ठीक आहे' म्हणायला. पोस्टमन नखशिखांत भिजून दारात उभा, टोपीतनं पाणी निथळतंय, म्हणतो काय, "हवा ग्रँड आहे आज." कालच्यासारखा वारा नाही ना, म्हणून ग्रँड. गेल्या वर्षीच्या वादळात आमच्या गोठ्याचं छप्पर उडालं ते थेट फर्गसच्या शेतात... फर्गस म्हणजे आमचा शेजारी, त्याचं-आमचं कुंपण एक... तर त्यानं फोन केला, "मॅलकी, तुझं छप्पर आलंय इकडे." माझा नवरा म्हणाला, "ग्रँड." आणि ठेवला फोन! इथे ग्रँड म्हणजे काय, तर बरं, उद्या ट्रॅक्टर घेऊन येतो. जेवताना विचारा, आणखी बटाटा वाढू? "ग्रँड," म्हणजे नको. दोन मिनिटांनी विचारा, पुरे ना रे? "ग्रँड," म्हणजे तू फारच आग्रह करतेयस तर टाक. सासरे गेले तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे दोन दिवस बैठकीच्या खोलीत ठेवलं होतं त्यांना, सगळा गाव हातात सँडविच घेऊन शवपेटीत डोकावत होता, "काय ग्रँड दिसतोय हो म्हातारा!" अहो, गेलेला माणूस तो! जिवंत असताना शहात्तर वर्षांत त्यांना कुणी असं म्हटलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, नोरीनबाई, तुम्ही काय धुतल्या तांदळासारख्या का? नाही हो. मॅलकीनं मला मागणी घातली ती जनावरांच्या बाजारात, एका कालवडीच्या दातांकडे बघत. "आपण लग्न केलं तर?" असं त्या कालवडीला विचारल्यासारखं विचारलं. ती काही बोलली नाही. मी म्हटलं, ग्रँड. चौतीस वर्षं झाली त्याला.

तर त्या मंगळवारी. दुपारचे बारा. मॅलकी रस्त्याकडेचं कुंपण दुरुस्त करत होता, मी स्वयंपाकघराच्या खिडकीतनं बघते तर हा बांधावर बसलेला. मॅलकी दिवसा बसत नाही. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा उभा आहे. पण मी आपलं मनाशी म्हटलं, बसला असेल, ऊन पडलंय. तेवढ्यात फर्गसचा ट्रॅक्टर गेला. आता आमच्याकडे रस्त्यात कुणी भेटलं की स्टिअरिंगवरनं एक बोट उचलायचं. हात नाही, बोट. अख्खा हात हलवला तर लोकांना वाटतं कुणीतरी गेलं. फर्गसनं बोट उचललं, मॅलकीनं बोट उचललं. मग पोस्टाची गाडी. बोट. मग फादर टियर्नन. बोट, आणि धर्मगुरू म्हणून वर जराशी मान. आणि नंतर तिघेही मला येऊन सांगतात, "आम्हाला तर ग्रँड दिसला गं." का नाही दिसणार? डाव्या हातात खांद्यापासून करंगळीपर्यंत कळ येतेय, आणि त्याच डाव्या हाताचं बोट हा बाबा उचलतोय, कारण उजवा छातीवर दाबून धरलेला!

मी थर्मासमध्ये चहा आणि हॅमचं सँडविच घेऊन गेले. आता आमच्याकडची चहाची रीत सांगते. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको. तिसऱ्यांदा "आणलाच आहेस तर घोटभर दे" म्हणायचं आणि तीन कप प्यायचे. माझ्या बहिणीची सून लंडनची, ती पहिल्या 'नको'लाच किटली खाली ठेवते, तिच्या घरून आम्ही घसा कोरडा करून परत येतो. असो. मी म्हटलं, चहा घे. म्हणाला, "नको, मी ग्रँड आहे." बरोबर. म्हटलं, अरे गरम आहे. "नको गं." तेही बरोबर. मी झाकणात चहा ओतला, पुढे धरला, म्हटलं, मॅलकी, ओतलाय आता, घे.

"नको," म्हणाला.

तिसऱ्यांदा. मेरीमातेची शपथ, पायाखालची जमीन सरकली माझ्या. लग्नात घेतला होता चहा, बापाच्या मयतीला घेतला होता, दाढ काढून आला तेव्हा अर्धा शर्टावर सांडत घेतला होता. चौतीस वर्षांत या माणसानं तिसऱ्यांदा नको म्हटलेलं नाही. मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं तेव्हा कुठे तो राखेसारखा रंग दिसला. म्हटलं, ऊठ. ॲम्ब्युलन्स बोलावते. तर म्हणतो, "ॲम्ब्युलन्स आपल्या दारात? लोक काय म्हणतील?" मरताना लाज वाटते हो आमच्या माणसांना, मेल्यावर मात्र सगळा गाव घरात चालतो.

शेवटी मीच गाडीत कोंबला त्याला. चाळीस मिनिटांचा रस्ता. मी ॲक्सिलरेटरवर उभी, तोंडानं जपमाळ चालू, आणि शेजारी हा... समोरून गाडी आली की बोट! म्हटलं, मॅलकी, खाली कर ते बोट. म्हणाला, "अगं, तो ब्रेस्लिन होता, वाईट दिसतं." म्हटलं, ब्रेस्लिनला मी तुझ्या मयतीला समजावून सांगेन.

हॉस्पिटलात पोचलो. नोंदणीच्या खिडकीत एक मुलगी, गोड, आमच्याच गावातली. "कसे आहात मॅलकी?" म्हणाली. आणि हा खिडकीच्या कट्ट्याला दोन्ही हातांनी धरून म्हणतो, "ग्रँड. तुझी आई कशी आहे?" "ग्रँड," ती म्हणाली, "बसा हं, बोलावतील." आणि मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "आणि तुम्ही? सगळं ठीक ना?"

आता हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मॅलकीलाही नाही. माझा नवरा डोळ्यांदेखत चाललाय हे मला कळत होतं. छाती, हार्ट, डॉक्टर, कितीतरी शब्द जिभेवर होते. आणि माझ्या तोंडातनं निघालं, "ग्रँड, थँक्यू." सवयीनं निघालं हो! कुणी विचारलं की आपोआप येतं, शिंकेसारखं. आणि एकदा म्हटल्यावर परत खिडकीशी जाऊन "नाही हो, ग्रँड नाही" असं कसं म्हणायचं? मागे रांग होती. आम्ही दोघं जाऊन खुर्च्यांवर बसलो. चांगली दहा मिनिटं. आणि त्या दहा मिनिटांचा दोष त्या मुलीचा नाही.

मग देवासारखा डॉक्टर अल्तय्यब आला. मूळचा सुदानचा. आमच्या जिल्ह्यात अकरा वर्षं काढली त्यानं, आमचा पाऊस पाहिलाय, आमची माणसं पाहिलीत. दुसऱ्याच कुणाकडे तरी चालला होता, मॅलकीच्या कपाळावरचा घाम बघून थांबला. आणि तुम्हाला सांगते, त्यानं 'कसे आहात' विचारलंच नाही. शहाणा माणूस! खाली वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "बाई, आज चहा घेतला का यांनी?"

"नाही," मी म्हटलं.

"किती वेळा विचारलंत?"

"तीनदा."

"तिसऱ्यांदाही नको म्हणाले?"

मी मान डोलावली, आणि तो माणूस पळाला हो! पांढरा कोट उडतोय, ओरडतोय, ट्रॉली आणा, ट्रॉली आणा! दोन मिनिटांत मॅलकीच्या छातीवर वायरी, मशीनमधून रेघांचा कागद बाहेर, कागदाकडे बघून नर्सबाईचा चेहरा उतरलेला. आणि ट्रॉलीवर आडवा पडून दाराआड जाता जाता हा काय म्हणतो मला? "गाईंचं बघ. मी ग्रँड आहे." म्हटलं, मेल्या, गप्प बस. नवऱ्याला मी म्हटलेला तो शेवटचा शब्द ठरला असता तर? दीड तास मी त्याच एका वाक्याशी बसले होते. इतकी एकटी मी आयुष्यात कधी नव्हते.

दीड तासानं डॉक्टर बाहेर आला. मनगटातून नळी घालून दोन जाळ्या बसवल्या म्हणे. "अजून अर्धा तास गेला असता तर..." एवढं बोलून थांबला. अकरा वर्षांत हेही शिकलाय. मी मटकन खाली बसले आणि रडले. मोठ्यानं. ती खिडकीतली मुलगी धावत आली, तिच्या खांद्यावर नाक पुसलं मी. जिवंत होता हो माझा मॅलकी! इतकं हलकं वाटलं, की वाटलं उठून त्या सगळ्या खुर्च्यांवरच्या लोकांना मिठ्या माराव्यात. मारल्या नाहीत. गावात परत जायचं होतं.

घरी सोडताना डॉक्टरनं गोळ्यांची चिठ्ठी दिली आणि मॅलकीला म्हणाला, "आजपासून तो शब्द बंद. रोज सकाळी बायकोला कसं वाटतंय ते सांगायचं. खरं खरं. काही वगळायचं नाही." आणि आमचा हा, जन्मात कुणाचं न ऐकणारा, डॉक्टरचं मात्र अक्षरन् अक्षर पाळतोय!

रोज सकाळी साडेसहाला खुर्ची ओढून माझ्यासमोर बसतो. सुरुवात पायाच्या अंगठ्यापासून. उजव्या. अंगठ्याचं नख, मग टाच, घोट्यात जराशी ठणक, ती कालच्यापेक्षा कमी की जास्त यावर स्वतःशीच वाद, मग पोटरी. मग डावा पाय, नव्यानं. सातला गुडघे. चौतीस वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर येतंय हो, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली गाईनं मारलेली लाथ मला आत्ता कळली! मग कंबर, मग पोट, पोटाचं तर तुम्हाला नाहीच सांगत. पाव जळतो, फोन वाजतो, कुत्रा दार खरवडतो. फर्गस परवा सहज डोकावला होता, मांडीपर्यंत ऐकून पळाला. मला मात्र पळता येत नाही. एकच ऐकायचं असतं मला, आणि देवानं ते ठेवलंय छातीत. तिथे पोचायला याला साडेसात वाजतात.