विझवल्यावरचा वास

नाई नाई मावशी, पुड्यात नका भरू अजून — आधी एक पेटवून दाखवा ना. असा नुसता नाकाशी धरून वास घेतला तर मेणबत्ती खोटं बोलते वो. कच्ची असते तेव्हा वरवरचा वास येते, मेण वितळलं की मधला, अन् फुंकून विझवली की मग खालचा — जो घरात राहते तो. हसून काऊन राह्यल्या? गिऱ्हाईक शहाणं भेटलं म्हणता? शहाणी कुठली! दहावी पास आहे, पण दोन मेणबत्त्या निवडायले अर्धा दिवस लावते. परवा लेकीचं नाव ठेवायचं आहे, आरमोरीले, आमच्या विहारात. बुद्धापुढे लावायची, तर बरी नको का? तिकडे साध्याच भेटतात, म्हणून वडश्याले आली ह्यांच्या मागं लागून — ह्यांचं इथं शाळेचं काम होतं.

हां, ही पेटवा. जरा दूर धरा, लेकरू आहे कडेवर. मले धुराची फार भीती वाटते. पहिले नव्हती — पहिले तर मीच —

थांबा. हे रोशा गवताचं तेल आहे ना? ... आता मोगरा आला. विझवा बरं. विझवा म्हणते ना! ... नागरमोथा. मोगऱ्याखाली नागरमोथा कोण घालते मावशी? कोणीच नाई. मीच एक येडी. मोगरा लवकर उडून जाते, त्याले धरून ठेवाले खाली काही जड पाहिजे, म्हणून मुळ्या तेलात उकळल्या, अन् हातून जास्तच पडल्या — धानाच्या बांधीत पाणी सोडल्यावर येते तसा वास आला. फेकणार होती. मग तोच आवडला.

बाई बढाई मारून राह्यली, असं वाटते ना तुम्हाले? मलेही कधी कधी तसंच वाटते. पण पोटुशी होती तेव्हा घरी मेणबत्त्याच करत बसे मी, अन् कांताताई जवळ. शेजारीण आमची, चष्मेवाली. ह्यांना सख्खी बहीण नाई, ही मानलेली — परवा आत्या म्हणून नाव तीच ठेवणार. तर लेक झाली, थोडी खोकली, अन् कांताताई म्हणे, “हा वास लेकराच्या छातीत बसते बाई. तुले लेकरू पाहिजे का मेणबत्त्या?” असं विचारल्यावर कोणती माय काय बोलन? त्याच दिवशी बंद केलं. उठता-बसता लेकीच्या छातीले कान लावे. ह्यांनी मेणाचा डबा, साचे, शिश्या सगळं सायकलले बांधून नेलं — गाढवी नदीत सोडून आलो म्हणाले. मी म्हटलं, बरं झालं. रडली पण — न्हाणीत जाऊन.

ह्या कोण आणून देते तुम्हाले? ... आरमोरीची. ठेंगणी, चष्मेवाली. हो, ओळखते ना. तिच्या हाताले गुण आहे म्हणता? असन बापा. वासावर का कोणाचं नाव लिहिलं असते? ... बुड दाखवा बरं तिचं. हा खड्डा — साचा माझ्या हातून पडून चेपला होता, तोच हा. नदीत उतरून काढला का वो तिनं?

कोण? तिचा भाऊ? तिले कुठचा भाऊ? ... मास्तर? ... आज? आत्ता, सकाळीच पेटी देऊन गेले?

ती पेटी यष्टीत माझ्या पायाशी होती मावशी. परीक्षेचे पेपर आहेत, पाय नको लावू म्हणाले. तू पिंपळाखाली बस, मी शाळेत देऊन येतो म्हणाले — मी बसली नाई, इकडे आली. अन् वास येत होता वो मले! गाडी गचकली की येत होता. मी म्हटलं, ह्या बाईचं डोकंच फिरलं, अजून तोच वास नाकात घेऊन हिंडते. लेकीचं तोंड खिडकीकडे केलं — माझ्या अंगाचा तिले लागू नये म्हणून —

नाई, पाणी नको. लेकराले काई नाई झालं, झोपलं आहे. तुमचं गिऱ्हाईक केव्हाचं उभं आहे, त्याले द्या काय पाहिजे ते. तिकडे पाहा ना थोडं, मावशी.